घोडं कुणाचं?

नमस्कार श्रोतेहो. आज दोन शब्द घेऊन आलोय, बारगीर आणि शिलेदार. एवढंच धरून ठेवा: बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा घरचा.

सिलाह म्हणजे हत्यार. सिलाहदाराचा आपण शिलेदार केला. तो घोडा-हत्यार घेऊनच चाकरीला यायचा. बारगिराला दोन्ही पागेतून, म्हणजे सरकारी घोडदळातून मिळायचं. शिवाजी महाराजांची भिस्त पागेवर. महाराजांची बखर लिहिणारा सभासद सांगतो, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्यांच्या दिमतीला पाणी वाहणारा एक पखालजी, नाल ठोकणारा एक नालबंद. शिलेदारही पागेच्या ताब्यात, कुणी पुंडावा, म्हणजे बंडखोरी, करू नये म्हणून. शिवाय शिलेदाराचा घोडा पडला की घरचं भांडवलच बुडालं. पुढं इंग्रजांनीही शिलेदारी रिसाले, म्हणजे घोडदळाच्या पलटणी, ठेवले. भरती होणारा स्वार घोड्यासाठी रक्कम भरायचा, तिला 'असामी' म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धत मोडली.

हल्ली चौकाचौकातल्या फलकांवर जो तो कुणाचा तरी शिलेदार असतो. मला हे पटत नाही. ज्यानं घरचं काही पणाला लावलं, त्यालाच हा शब्द शोभतो.

तर मला बारगीर कळला तो माझ्या आजोळी, शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत. घरटी माणूस फौजेत असलेलं आमचं गाव. माझा मामा मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला, बेळगावला गेला. महिन्याभरानं सुट्टीवर आलेल्या गाववाल्याच्या हाती एक गाठोडं आलं. आजीनं सोप्यात बसून गाठ सोडली. आत मामाचा सदरा, लेंगा आणि कापशी वहाणा. चिठ्ठी नाही, काही नाही. वहाणा बघितल्या आणि आजीनं हंबरडाच फोडला. पायातलं घरी आलं म्हणजे पोराचं काहीतरी बरंवाईट झालं! शेजारच्या बायका धावत आल्या.

आजोबा जुने फौजी. ते मळ्यातनं आले, सदरा हातात घेऊन झटकला आणि म्हणाले, "आगं रडतीस कशाला? पोरगं बारगीर झालं. आता बूटबी सरकारचं, बंदूकबी सरकारची. घरचं ठेवून काय करायचं त्यानं तिथं?"

घोडा कुठंच नव्हता, श्रोतेहो, तरी शब्द नेमका बसला. घोडा सरकारचा, तो बारगीर.

आजीनं वहाणा खुंटीला टांगल्या. कातड्याची वहाण तेल पाजल्याशिवाय टिकत नाही. आता लोक ओली वहाण उन्हात टाकतात आणि कारागिराला नावं ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं. आजी दर अमावास्येला त्या खाली काढायची, बोटानं तेल चोळायची, अंगठ्यापासून टाचेपर्यंत. मामा पहिल्या रजेवर आला तेव्हा उंबऱ्याबाहेर बसून त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या. आजीनं वहाणा पुढं ठेवल्या. त्यानं पाय घातला, आणि वहाण करकरली.