शेजारी बसणारा सहकारी

श्रोतेहो, नमस्कार.

बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुणाला नोकरी लागली की त्याच्या घरी पेढे वाटले जातात, आणि ते वाटलेच पाहिजेत. खरी कसोटी मात्र पुढच्या काही महिन्यांत लागते. ती नोकरी टिकणे हे नेमणूक करणाऱ्या मालकापेक्षा त्या तरुणाच्या शेजारी बसून काम करणाऱ्या सहकाऱ्यावर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून आज मी त्या सहकाऱ्याविषयीच बोलणार आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सरकारी नोकऱ्यांतील किमान ४ टक्के आरक्षणामध्ये बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता असलेल्यांना या कायद्याने जागा दिली, जी १९९५ च्या कायद्यात नव्हती. खासगी क्षेत्रात २० किंवा त्याहून अधिक माणसे काम करत असतील, तर समान संधीचे धोरण सविस्तर लिहून जाहीर करणे आवश्यक आहे. आपल्या इंदूरच्या सांवेर रोडवरचे आणि जवळच्या पीथमपूरचे कितीतरी कारखाने या नियमात येतात. परंतु धोरणाचा कागद भिंतीवर लागला, तरी यंत्राजवळ उभ्या असलेल्या मुलाला पुढचे पाऊल कोणते, हे माणसानेच दाखवावे लागते.

पूर्वीची रीत अशी होती की अशा मुलांना कार्यशाळेत वर्षानुवर्षे मेणबत्त्या आणि लिफाफे तयार करायला शिकवायचे, आणि ती ‘तयार’ झाली की नोकरी शोधायची. बहुतेकांच्या बाबतीत तो ‘तयार’ होण्याचा दिवस उजाडतच नसे. एका ठिकाणी शिकलेले कौशल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप वापरणे, हीच गोष्ट यांतल्या अनेकांना सर्वाधिक अवघड जाते. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेत रुजलेल्या पद्धतीने हा क्रम उलटा केला: आधी प्रत्यक्ष नोकरी, आणि प्रशिक्षण त्याच टेबलावर, त्याच यंत्रावर, त्याच माणसांमध्ये.

आपल्या इंदूरचेच उदाहरण घेऊ. नमकीनच्या कारखान्यात शेवेची पाकिटे भरणे, हे ऐकायला एकच काम वाटते. प्रत्यक्षात पाकीट उचलायचे, त्याचे तोंड उघडायचे, ते काट्यावर धरून शेव घालायची, २०० चा आकडा दिसताच हात थांबवायचा, पाकीट सीलिंगच्या यंत्राखाली सरळ धरायचे आणि खोक्यात उभे लावायचे, इतकी ती कामे आहेत. शिकवणाऱ्याने ती आधी स्वतः करून पाहावीत, मग एकेक करून दाखवावीत. डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच जणांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले चांगले लक्षात राहते. त्यामुळे या पायऱ्यांची छायाचित्रे काट्याच्या वर क्रमाने चिकटवली, तर दिवसातून कितीतरी वेळा बोलण्याची गरजच पडत नाही.

एक सूचना दिल्यावर थांबावे. हे थांबणे फार कठीण आहे, कारण दोन क्षण उत्तर आले नाही की आपण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगू लागतो, आणि ऐकणाऱ्याला ती दुसरीच सूचना वाटते. मदतही उतरत्या क्रमाने द्यावी: सुरुवातीला गरज पडल्यास आणि त्याची हरकत नसल्यास हात धरून, मग बोटाने खूण करून, मग नुसते जवळ बसून. दया येऊन त्याचे उरलेले काम स्वतःच उरकून टाकणारा सहकारी त्याचे मोठे नुकसान करतो, कारण त्यामुळे शिकणे तिथेच थांबते.

शब्द नेमके हवेत. ‘जरा लवकर आटप’ किंवा ‘ते तिकडे ठेव’ यांतून स्वमग्न व्यक्तीला काहीच हाती लागत नाही. ‘हे खोके खिडकीखालच्या टेबलावर ठेव’ म्हटले की काम बिनचूक होते. बदलाची कल्पनाही आधी द्यावी. दिवाळीच्या मागणीमुळे कामाची पाळी लांबणार असेल किंवा रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीसाठी कारखाना बंद राहणार असेल, तर ते कॅलेंडरवर खूण करून काही दिवस आधीपासून दाखवावे. यंत्रांचा आवाज असह्य होऊन कोणी कान झाकून बाहेर निघून गेले, तर त्याला उद्धटपणा समजू नये. जागा बदलून किंवा कानाला आवाजरोधक देऊन हा प्रश्न बहुधा सुटतो.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. वयाने लहान असलेल्या कोणालाही ‘बेटा’ म्हणण्याची आपल्याकडे प्रेमळ सवय आहे. पण तीस वर्षांच्या कर्मचाऱ्याला सारा विभाग ‘बेटा’ म्हणू लागला, की त्याच्या चुकाही त्याला न सांगता त्याच्या आईला फोनवर सांगितल्या जातात. चूक त्याच्याशीच बोलावी, एकट्याला बाजूला घेऊन, सरळ आणि शांतपणे. पगारही इतरांप्रमाणे त्याच्या स्वतःच्या खात्यात जावा. आईवडिलांची काळजी मी समजू शकते, तरीही फाटकाशी दिवसभर थांबणाऱ्या आईला घरी जायला सांगणे, हे त्या सहकाऱ्याने करण्याजोगे अत्यंत आवश्यक काम आहे.

मालकांना माझी विनंती अशी की ही जबाबदारी कोणावर लादू नका, स्वेच्छेने पुढे येणारा माणूस निवडा, आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्याच्या स्वतःच्या कामाचा आकडा कमी करा. शिकवणे हेही कामच आहे. त्याच्या जोडीला पहिल्याच आठवड्यापासून दुसरा एक जण तयार ठेवा. पहिल्याची बदली झाली किंवा तो नोकरी सोडून गेला, तर नव्या माणसाने किमान काही आठवडे जुन्याच्या सोबत त्याच टेबलावर बसावे आणि तीच छायाचित्रे, तेच शब्द, तोच क्रम पुढे चालू ठेवावा.

नमस्कार.