बुधवारचा किनारा

(दृश्य : पुणे, विठ्ठलवाडी. मुठेचा काठ. सकाळचे साडेआठ. मागून सिंहगड रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज.)

आज बुधवार. शहरातल्या बहुतेक शाळांची पहिली घंटा कधीच होऊन गेलीय. इथं नदीकाठी मात्र काही मुलं उकिडवी बसलीत. काठाचा हा तुकडा त्यांच्या कुटुंबांनी दत्तक घेतलाय : परकी रोपं उपटायची, इथली लावायची. कुणाच्या हातात खुरपं, कुणाच्या हातात स्वयंपाकघरातून बाद झालेलं उलथनं. शेजारी आया, एखाद-दुसरा बाबा आणि स्टीलच्या डब्यात उपमा.

शाळा बुडवून आली नाहीत ही मुलं. ती शाळेत जातच नाहीत, घरी शिकतात. शिक्षण हक्काचा कायदा २०१० साली लागू झाला. तेव्हापासून तर अशा आईबापांना नातेवाईक भेटेल तिथं विचारतात, "मग दहावीचं काय?" वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं, एवढं उत्तर पुरे. आपल्याला दहावीशी कर्तव्य नाही. या मुलांपाशी एक गोष्ट आहे, जी शाळेतल्या मुलांपाशी नसते, आणि नदीकाठाला नेमकी तीच लागते. मोकळा बुधवार. पुढचाही बुधवार, आणि एप्रिलमधलाही.

(दृश्य : जवळून. ओल्या मातीत बोटभर उंचीची सुबाभळीची रोपं, दाट.)

लांबून हा काठ हिरवागार दिसतो. जवळ आलं की कळतं, यातलं इथलं फार थोडं. सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. चाऱ्यासाठी, सरपणासाठी आपणच ती हौसेनं लावली. पाण्यावरची जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यावर पोसते आणि दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. गाजर गवताची तर गंमतच आहे. १९५० च्या दशकात ते पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांवर आलं ते पुण्यातच, तेव्हा त्याला परकं म्हणताना पुणेकरानं जरा जपून.

इथं एक नियम आहे : नाव सांगितल्याशिवाय काही उपटायचं नाही. सुबाभूळ आणि बाभळीचं पिल्लू शेजारी शेजारी उगवलं, तर चुकायला मोठ्या माणसालाही वेळ लागत नाही. पानं सारखीच बारीक. मग काटा शोधायचा. बाभळीला असतो, सुबाभळीला नसतो. सात वर्षांचा मुलगा आधी बोटानं चाचपतो, मग ओढतो. मूळ अख्खं आलं तर उचलून सगळ्यांना दाखवतो. अर्धं तुटलं तर गप्प बसतो, कारण त्यातून पुन्हा फूट येणार हे त्याला ठाऊक आहे.

मोठ्या सुबाभळीला हात लावता येत नाही. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं महापालिकेची परवानगी लागते. मग उरतं ते हेच : मोठं झाड शेंगा टाकत राहणार, ही मुलं रोपं उपटत राहणार. जुलैत शंभर रोपं लावून, फलकासमोर फोटो काढून निघून जाणाऱ्यांचं हे काम नाही. तसे खड्डे या काठावरही सापडतात. आत वाळलेली काडी आणि प्लास्टिकची काळी पिशवी.

(दृश्य : चिखलात खोचलेल्या हिरव्या कांड्या. एकीला कोंब.)

हा वाळुंज. वाळुंज आडनावाची माणसं पुणे जिल्ह्यात हवी तेवढी भेटतील, वाळुंजाचं झाड भेटणं अवघड. नदीकाठचं हे अस्सल देशी झाड. त्याचं बी कापसासारखं उडतं आणि काही दिवसांतच निकामी होतं. म्हणून जून फांदीची कांडी कापायची आणि ओल्या चिखलात खोचायची. उंबराची तऱ्हा वेगळी. त्याची रोपं मुलं जुन्या वाड्यांच्या भिंतींतून, गटारांच्या कडांवरून अलगद सोडवून आणतात. पेरायचं काम पक्ष्यांनी आधीच केलेलं असतं. जांभळाचं बी खाल्ल्या खाल्ल्या पेरायचं, वाळलं की गेलं. करंज त्या मानानं सोशिक.

आणि खडकाच्या फटीत ही शेरणी. दिसायला सामान्य झुडूप. पण पूर आला की आडवी होते, ओसरला की उठते. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि इथून जवळच एकतानगरीत घरांत शिरलं, हे पुणेकर विसरलेले नाहीत. अशा विसर्गात काठावरचं कोवळं रोप टिकेल का, हे लावतानाच विचारायचं असतं. म्हणून खालच्या अंगाला शेरणी आणि वाळुंज, वर करंज, उंबर, जांभूळ. पुरात झाडं जातात आणि लव्हाळं राहतं, हे आपण शाळेत पाठ केलं. नदीकाठी कुठे काय लावायचं याचा हिशेब त्यातच होता, तो मात्र कुणी करून दाखवला नाही.

किनारा दत्तक घ्यायची कल्पना या कुटुंबांची नाही. 'जीवितनदी' ही पुण्यातली संस्था, २०१४ पासूनची. तिनं विठ्ठलवाडीत आणि औंधला राम नदी आणि मुळेच्या संगमावर लोकांना अशीच काठाची सवय लावली. तिथं रविवारी येणारे अधिक. बुधवारी येऊ शकणारे कोण? ज्यांच्या घरात एका पालकाला सकाळ मोकळी ठेवता येते, तेच. ही चैन आहे, आणि इथल्या आया ते मोकळेपणानं कबूल करतात. पलीकडच्या वस्तीतली मुलं कठड्यावरून बघतात. त्यांची शाळा दुपारची. त्यातली दोघं-तिघं आता खाली उतरतात, आणि सुबाभूळ त्यांना आधीपासून ओळखता येते. शेळीला घालतात ना.

(दृश्य : वही. पेन्सिलनं काढलेला लांब लाल पायांचा पक्षी.)

वहीत आजची नोंद आहे : शेकाट्या, बरेच. वंचक. घारी. खंड्या, एक. अकरा वर्षांची मुलगी शेकाट्यापुढे चांदणी काढत नाही. शेकाटे घाण पाण्यातही मजेत राहतात, तेव्हा त्यांची गर्दी ही काही शाबासकी नव्हे, हे ती गेल्या वर्षी शिकली. चांदणी खंड्याला. टाचणी, म्हणजे चतुरासारखा तो नाजूक कीटक, दिसली असती तर तिलाही.

मुळा-मुठेच्या काठानं ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प आखलाय. बांधीव काठ, फिरायला रस्ते. शेरणीला फट लागते, वाळुंजाला चिखल. बांधलेल्या काठात दोन्ही कुठून आणायचं, हे आम्हालाही विचारावंसं वाटतं.

साडेदहा. ऊन चढलं. उपटलेल्या रोपांचा ढीग मुळं वर करून उन्हात ठेवलाय, म्हणजे पुन्हा धरणार नाहीत. डबे उघडायची वेळ झाली. मुलं रांगेत उभी राहून हात धुतात, घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्यानं.

नदी चार पावलांवर आहे.