सवलत यंत्राला की युनिटला?

मित्रहो, साताऱ्याहून सज्जनगड मागे टाकून ठोसेघरच्या रस्त्याने चाळकेवाडीच्या पठारावर गेलात, की पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसते. आषाढात तिथे छत्री उलटी होते आणि पात्यांच्या घरघरीत शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. फाल्गुनात त्याच चक्क्या बराच वेळ मुक्याने उभ्या असतात.

इथे आणि पाटण तालुक्यातील वनकुसवड्याला हे मनोरे भराभर उभे राहिले, त्यामागे वाऱ्याइतकाच आयकराचाही जोर होता. पवनचक्कीच्या किमतीवर वाढीव दराने घसारा (यंत्राच्या झिजेपोटी करपात्र नफ्यातून मिळणारी वजावट) धरण्याची मुभा होती, आरंभी पहिल्याच वर्षी शंभर टक्के आणि २००२ पासून ८० टक्के. साहजिकच वीजनिर्मितीशी कधी संबंध न आलेल्या उद्योगांनीही कर वाचवण्यासाठी चक्क्या घेतल्या. सवलत यंत्र उभे राहिल्यावर मिळे, मग ते किती फिरते याच्याशी तिचा संबंध नसे. प्रत्यक्ष निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना केंद्राने आणली ती २००९ मध्ये. घसाऱ्याच्या सवलतीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही, कारण तिच्यावाचून त्या काळी इतके भांडवल या डोंगरावर चढलेच नसते. पण माप चुकले होते, एवढे खरे.

तेच माप आजही आपल्याला फसवते. २०२५ च्या मध्यावर देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील, म्हणजे उभे असलेले सारे प्रकल्प पूर्ण जोराने चालले तर जेवढी वीज देतील तिच्यातील, निम्मा वाटा जीवाश्म इंधनाविना चालणाऱ्या प्रकल्पांचा झाला, आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच आहे, कारण सूर्य रात्री नसतो आणि वारा हंगामी असतो.

या कसोटीवर मला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना अधिक शहाणी वाटते. उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला) दिवसा द्यायची, असा तिचा साधा आराखडा आहे. जत, आटपाडीकडे रात्रपाळीच्या विजेवर दारे धरायला बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने पाय आपटत बांधावरून गेलेल्या माणसाला ‘दिवसा’ या शब्दाची किंमत सांगावी लागत नाही. शेतीचा पंप उन्हाच्या वेळेला चालला तरी पिकाचे काही बिघडत नाही, म्हणून साठवणुकीच्या महागड्या बॅटऱ्यांवाचून इथे सौर वीज जागच्या जागी खपते. (कारखान्यांच्या इथेनॉलचा विषय आज मुद्दाम सोडतो, सांगलीत तो काढला तर उद्या सकाळपर्यंत उठता येणार नाही.)

२०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घराच्या छतावरील तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या सौर संचाला ७८ हजार रुपये मिळतात, म्हणजे अनुदान पुन्हा क्षमतेवरच. फरक इतकाच, की घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या नेट मीटरमुळे नफातोटा घरमालकाला दरमहा बिलात दिसतो. माझ्याच गच्चीवर गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी पॅनेलवर बसते आणि युनिट घसरतात. तेव्हा पहाटे ऊन चढण्याआधी बादली आणि फडके घेऊन मी वर जातो.