तिवराचं जनुक, भाताचं रोप

(ऐरोली, ओहोटी)

बोटीतून येणाऱ्या बहुतेकांना रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे असतात. आपण काठावरच थांबू. हे तिवराचं झाड. पानावर चमकतंय ती धूळ नाही, मीठ आहे. बरंचसं मीठ मुळंच अडवतात; तरी आत शिरलेलं पानांतल्या ग्रंथी बाहेर टाकतात. चिखलात हवा नाही, म्हणून श्वसनमुळं अशी वर आलेली.

ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मागचा राडारोडा आम्ही मुद्दामच फ्रेमबाहेर काढला नाही.

(खारजमीन, फुटलेला बांध)

हेच पाणी भातखाचरात शिरलं की रोप होरपळतं. पेशींत मीठ साचतं, ऑक्सिजनचे जहाल रेणू तयार होतात आणि पेशी आतून जळत जाते. तिवरातही हे रेणू होतात. पण त्यांना आवरणारं एक विकर (एन्झाइम) त्याच्याकडे आहे, सुपरऑक्साइड डिसम्युटेज. चेन्नईच्या एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानातल्या शास्त्रज्ञांनी त्याचं जनुक तिवरातून वेगळं केलं आणि पुसा बासमती-१ या भातात घातलं.

(प्रयोगशाळा)

ही चेन्नईची प्रयोगशाळा नव्हे, ठाण्यातल्या एका कॉलेजची. पण रीत हीच. दाण्यापासून वाढवलेला हा पेशींचा पुंजका, कॅलस. ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू; आपला डीएनए झाडात घुसवायची त्याची जुनीच खोड. रोग करणारा भाग काढून तिथे हवं ते जनुक बसवायचं, की तोच ते भाताच्या पेशीत पोचवतो. सगळ्याच पेशींत नाही पोचत. म्हणून बशीत अँटिबायोटिक घालतात. जनुकाबरोबर त्याला तोंड देण्याची ताकदही दिलेली असते, त्यामुळे बदललेल्या पेशीच तगतात. मग हा हिरवा ठिपका. मग कोंब.

(कोंबावर थांबा)

निकाल २००८ साली प्रसिद्ध झाले. समुद्राच्या साधारण पाव खारेपणाच्या पाण्यात आठ दिवस. साधी रोपं कोमेजली, तिवराचं जनुक असलेली तगली.

हा भात शेतात आलेला नाही. खारेपणा सोसणारा म्हणून २०२५ मध्ये जाहीर झालेला पुसा डीएसटी राइस १ हा वाण बाहेरचं जनुक न घालता, भाताचंच एक जनुक संपादित करून केलाय, त्यावरही वाद आहे.

(पनवेल)

खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल-१, २ आणि ३ ही खारजमिनीची वाणं मात्र निवड आणि संकरातूनच आली. तिवराचं जनुक त्यांत नाही.