शेडर बनून राहिले

(दृश्य : नागपूरच्या नंदनवन वस्तीतली एक गल्ली. मे महिन्यातली दुपार. खिडकीला लावलेला कूलर. आतल्या खोलीत टेबलावर एका बाजूने उघडा ठेवलेला सीपीयू.)

दुपारचे अडीच. पारा पंचेचाळिशीला टेकलाय, गल्लीत चिटपाखरू नाही. या खोलीत आवाज दोनच. एक कूलरचा, दुसरा सीपीयूतल्या पंख्याचा.

हा माझा मामेभाऊ. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं टेबल मुद्दाम कूलरच्या झोतातून बाजूला ओढलंय, कारण खसमधून येणारी हवा ओलसर असते आणि उघड्या मदरबोर्डला ती मानवत नाही. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरते आहे. स्वयंपाकघरातून मामी विचारते,

"काय करून राहिला रे? कूलरमध्ये पाणी टाकलं का?"

"टाकतो नं आई. शेडर बनून राहिले."

मामीनं हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय की शेडर म्हणजे काय, हे ती आता विचारत नाही. आपण विचारू या.

(दृश्य : सीपीयूच्या आत कॅमेरा. धूळ झटकलेलं छोटं ग्राफिक्स कार्ड.)

हा संगणक मामानं २०१४ साली घेतला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, नंतर कधीतरी बसवलेलं जीटी ७१० कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, आणि विंडोज ११ च्या यादीत एवढा जुना प्रोसेसर बसत नाही. मामाचं म्हणणं सरळ होतं : "चालू आहे नं? मग फेकायचं काऊन?" म्हणून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आली. कॉलेजची कामं, ब्राउझर, प्रिंटर, सगळं पहिल्याच संध्याकाळी मार्गी लागलं. अडलं ते गेमपाशी.

गेम विंडोजसाठी लिहिलेला. प्रोसेसर तोच, त्याच्या सूचनाही त्याच, त्यामुळे आकडेमोड लिनक्सवरही तशीच होते. पण फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज वाजव, असं काही मागायचं झालं की गेम विंडोजच्या भाषेत हाक मारतो. लिनक्समध्ये त्या हाकेला ओ देणारं कोणी नसतं. ती ओ देण्यासाठी १९९३ साली वाइन नावाचा प्रकल्प सुरू झाला. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार त्याची धुरा सांभाळतात. त्याची १.० आवृत्ती आली २००८ साली. पंधरा वर्षं! एवढी चिकाटी ज्या कामामागे असते, त्याला मी जुगाड म्हणू शकत नाही.

नागपूरकराला हे समजायला वेळ लागत नाही. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. घरात मराठी, बाजारात हिंदी, ऑटोत दोन्ही. बर्डीच्या बाजारातला दुकानदार गिऱ्हाइकाचं मराठीत ऐकतो, आतल्या पोऱ्याला हिंदीत सांगतो, आणि माल बरोबर तोच येतो. आत काय बोलणं झालं, हे गिऱ्हाइकाला कळायची गरजच पडत नाही.

(दृश्य : फाइल मॅनेजर. एकामागून एक फोल्डर उघडत जातात.)

भावानं आम्हाला एक फोल्डर उघडून दाखवला. नाव 'ड्राइव्ह सी'. त्यात विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स, युजर्स, सगळी ओळखीची दारं. युजर्सच्या आत 'स्टीमयुजर' नावाचं एक बिऱ्हाड. गेमला वाटतं आपण सी ड्राइव्हवर राहतो. खरं तर तो लिनक्सच्या डिस्कवरचा साधा फोल्डर आहे. कॉपी करून पेन ड्राइव्हवरही नेता येईल असा.

फाइल आणि आवाज एवढ्यावर निभावतात. चित्राचं काम त्याहून पुष्कळ अवघड, आणि मला या विषयाची ओढ लागली ती त्यामुळेच.

विंडोजचे बहुतेक गेम डायरेक्टएक्स या विंडोजच्या चित्रभाषेत बोलून चित्र काढतात. लिनक्सवर ते नाही. तिथे ओपनजीएल आणि वल्कन या चित्रभाषा. वाइन आधी ओपनजीएलमध्ये भाषांतर करायचं, आणि नव्या गेममध्ये ते तोकडं पडायचं. वल्कन आलं फेब्रुवारी २०१६ मध्ये. पुढच्याच वर्षी फिलिप रेबोल या जर्मन प्रोग्रॅमरला लिनक्सवर 'निएर : ऑटोमाटा' खेळायचा होता आणि तो नीट चालत नव्हता. त्यानं डायरेक्टएक्स ११ चं वल्कनमध्ये भाषांतर करणारा थर लिहायला घेतला. तोच डीएक्सव्हीके. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून प्रोटॉन आणलं, स्टीम या आपल्या ऑनलाइन गेम-दुकानाच्या आतच. डायरेक्टएक्स १२ साठी वेगळा थर आहे, व्हीकेडी-थ्री-डी प्रोटॉन.

(दृश्य : सकाळ. रस्त्याकडेचा तर्री-पोह्यांचा ठेला. प्लेटवर रश्श्याची पळी.)

आता शेडर. पडद्यावर रंग-प्रकाश कसे दाखवायचे, हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे शेडर. तो बनायला वेळ का लागतो, हे कळायला ठेल्यावर यावं लागेल.

ठेल्यावर आपण एकेक सांगत जातो. पोहे द्या. तर्री जास्त. थांबा, शेव कमी. कांदा वरून. प्लेट हातात येईपर्यंत ऑर्डर बदलत राहते आणि ठेलेवाला निमूट सांभाळून घेतो. डायरेक्टएक्स ११ असंच आहे. गेम म्हणतो, हा रंग लाव, आता हा प्रकाश, आता पारदर्शक कर, आता चित्र काढ.

वल्कन म्हणजे लग्नाचा आचारी. त्याला पूर्ण यादी आधी हातात लागते : कोणता शेडर, कोणती मांडणी, रंग एकमेकांत कसे मिसळायचे, सगळं ठरलेलं. एकदा यादी मिळाली की त्याच्यासारखा वेग कोणाला नाही. पण पंगत बसल्यावर नवा पदार्थ सांगितला, तर पंगत थांबते.

डीएक्सव्हीके या दोघांच्या मध्ये उभा आहे. गेम तुकड्यातुकड्यानं सांगणार, आणि आचाऱ्याला यादी अख्खी हवी. गेमनं शेवटी 'चित्र काढ' म्हटल्यावरच पूर्ण यादी काय होती हे डीएक्सव्हीकेला कळतं. मग तो गेममधल्या शेडरचं वल्कनला समजेल अशा रूपात भाषांतर करतो, आणि कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, त्याचा कार्डापुरता मशीन कोड बनवतो.

(दृश्य : रेसिंगचा गेम. पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा.)

सेकंदाला तीस फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात तेहतीस मिलिसेकंद. शेडर बनायला त्याहून जास्त लागले की काय होतं, ते इथे बघा. गाडी वळणावर आहे. समोर पहिल्यांदाच धूळ उडते. आणि चित्र... अडकलं. पापणी लवायच्या आत सुटलं, पण गाडी कठड्याला लागलीच. दुसऱ्या फेरीत तेच वळण, तीच धूळ, आणि गाडी लोण्यासारखी गेली. कारण शेडर एकदा बनला की जपून ठेवला जातो. म्हणूनच स्टीम गेम सुरू होण्याआधीच ती पट्टी भरत बसतं. मामीला मिळणारं उत्तर त्या पट्टीचं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० नं यावर सुरेख तोड काढली. यादी तुकड्यांत तयार करायची. म्हणजे तर्री वेगळी उकळून ठेवली, पोहे वेगळे, आणि मागणी आली की फक्त एकत्र वाढायचं. गेम लोड होतानाच तुकडे तयार होतात आणि खेळताना नुसते जोडले जातात.

भावाच्या कार्डाला मात्र हे सुख नाही. तीन रात्री तो याच कारणानं जागला. नवं प्रोटॉन टाकलं, गेम सुरू केला, पडदा काळा होऊन परत डेस्कटॉप. पुन्हा तेच. शेवटी त्यानं लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, चालू केला आणि शेकडो ओळी खाली सरकवत गेला. कारण एका ओळीत होतं : डीएक्सव्हीके २ ला वल्कन १.३ लागतं. जीटी ७१० हे एनव्हिडियाचं केप्लर पिढीचं कार्ड; त्याचा शेवटचा ड्रायव्हर ४७० मालिकेतला, आणि तो वल्कन १.२ वरच थांबलाय. कार्ड बिघडलं नव्हतं, ड्रायव्हरची वाढ थांबली होती. स्टीममध्ये त्यानं प्रोटॉन ७ निवडलं, ज्यात डीएक्सव्हीकेची जुनी १.१० आवृत्ती आहे, रिझोल्यूशन ७२० वर आणलं, आणि गेम उठला. पहाटेचे पावणेतीन वाजले होते. त्यानं मला फोन केला, आणि मला त्याचा राग आला नाही.

इथे मला एक गोष्ट खटकते, ती बोलतोच. एएमडी या दुसऱ्या कंपनीचं आरएक्स ५८० हे २०१७ चं कार्ड. त्याच्यासाठी आरएडीव्ही नावाचा खुला ड्रायव्हर आहे, २०१६ मध्ये कंपनीबाहेरच्या प्रोग्रॅमरांनी सुरू केलेला. त्या जोरावर ते कार्ड आज वल्कन १.३ बोलतं. ड्रायव्हरचा कोड उघडा असला की कंपनीनं लक्ष काढून घेतल्यावरही कोणीतरी तो पुढे नेऊ शकतं. जुनं कार्ड शोधत बर्डीत फिरणाऱ्या पोरांनी किमतीआधी हे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

सगळंच जमतं असं नाही. काही ऑनलाइन गेमचं अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्रॅम, थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात बसतं. वाइनमध्ये विंडोजचं कर्नलच नाही, त्यामुळे 'व्हॅलोरंट' इथे चालत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन अँटी-चीटनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण आत घ्यायचं की नाही हे प्रत्येक गेमचा निर्माता ठरवतो. भावाचे मित्र रात्री ज्या गेमवर जमतात, तो प्रोटॉनला आत घेत नाही. तेवढ्यापुरता भाऊ मित्राकडे जातो.

(दृश्य : संध्याकाळ. भाऊ बादलीनं कूलरमध्ये पाणी ओततो. फाटकापाशी स्कूटी थांबते.)

पाच वाजून गेले. शेजारच्या गल्लीतला एक पोरगा आलाय. स्कूटीच्या पायदानावर चादरीत गुंडाळलेला सीपीयू, दोन्ही पायांत घट्ट धरलेला.

"भाऊ, माझ्यातही विंडोज अकरा नाही होऊन राहिलं. लिनक्स टाकून देता का? गेम चालले पायजेत पण."

भाऊ बादली खाली ठेवतो, हात पुसतो, चादर सोडतो.

"कार्ड कोणतं आहे?"

"माहीत नाही नं."

टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून तो पहिला स्क्रू फिरवायला घेतो.