बारा मिलिमीटरची खूण

(पडद्यावर: पहाटेचं तळं, पाण्यावर धुकं. मागे सॉटूथचे दातेरी डोंगर.)

हे रेडफिश लेक. अमेरिकेतलं आयडाहो राज्य, उंची जवळजवळ 2,000 मीटर. तळ्याला नाव मिळालं ते सॉकाय साल्मनमुळे. समुद्रात हा मासा चंदेरी असतो. अंडी घालायला माघारी येईतो अंग लालभडक झालेलं, डोकं तेवढं हिरवट.

1992 साली इथं एकच लाल मासा पोचला. नर. त्याच्या जोडीला मादी आलीच नाही. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'लोन्सम लॅरी', एकटा लॅरी. त्याचं वीर्य गोठवून जपलं. लॅरी स्वतः पेंढा भरून राज्यपालांच्या कचेरीत भिंतीवर गेला.

पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे मासे आपण पाहिलेत. चढणीचे मासे. आपल्याकडची ती चढण शेताच्या बांधापर्यंत. लॅरीची चढण होती 1,450 किलोमीटरची: प्रशांत महासागरातून कोलंबिया, कोलंबियातून स्नेक, स्नेकमधून साल्मन नदी, आणि मग हे तळं. वाटेत आठ मोठी धरणं. आणि हा सगळा प्रवास उपाशीपोटी, कारण नदीत शिरल्यावर सॉकाय खाणं सोडतो.

(पडद्यावर: हॅचरी, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायची जागा. ट्रेमध्ये केशरी अंडी.)

शोशोनी-बॅनॉक या मूळनिवासी जमातीने 1990 मध्ये अर्ज केला, की आमचा मासा संपत चाललाय. 1991 मध्ये स्नेक नदीचा सॉकाय 'धोक्यातल्या' प्रजातींच्या यादीत आला. 1991 ते 1998 या आठ वर्षांत समुद्रातून परतलेले मासे किती? सोळा. दोन्ही हातांची बोटं आणि वर सहा. या सोळा माशांवर आणि तळ्यात उरलेल्या थोड्याशा बियाण्यावर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला. ईगल गावच्या हॅचरीत पैदाशीचे मासे ठेवले, आणि त्याच वंशाचे काही दूर वॉशिंग्टन राज्यात. एका ठिकाणी पंप बंद पडला तरी वंश बुडू नये म्हणून.

पिल्लं वाढवणं जमलं. पण सोडलेलं पिल्लू पुढे जातं कुठं, हे कसं कळायचं?

(पडद्यावर: हातमोजा घातलेल्या तळव्यावर काचेची बारीक कुपी.)

ही पाहा. तांदळाच्या दाण्याएवढी, बारा मिलिमीटर. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि चिप. बॅटरी नाही. पिल्लाला औषधाच्या पाण्यात गुंगी आणायची, पोकळ सुईने कुपी पोटात सरकवायची, की झालं. याला पिट टॅग म्हणतात. धरणाच्या बगलेतून मासे उतरवणारे पाट असतात, चढायला पायऱ्यांचे जिने असतात. तिथं अँटेना बसवलेले. मासा जवळून गेला की अँटेनाच्या लहरींवरच टॅग जागा होतो, आपला नंबर सांगतो आणि पुन्हा गप्प. बॅटरीच नाही, त्यामुळे संपायचा प्रश्न नाही. वसंतात समुद्राकडे गेलेलं पिल्लू दोन वर्षांनी मोठं होऊन परतलं, तरी नंबर तोच.

आणि मासा मेला तरी टॅग राहतो. कोलंबियाच्या मुखाशी एका बेटावर कॅस्पियन सुरय पक्ष्यांची वसाहत आहे. विणीचा हंगाम संपला, पक्षी उडून गेले, की संशोधक यंत्र घेऊन वाळू धुंडाळतात. पक्ष्यांच्या विष्ठेत, पिसांत टॅगच टॅग. एकेक नंबर जुळवायचा आणि लिहायचं: हे पिल्लू इथवर आलं, आणि पक्ष्याच्या पोटात गेलं.

(पडद्यावर: स्प्रिंगफिल्ड हॅचरीचे लांबलचक हौद.)

2013 मध्ये आयडाहोतच स्प्रिंगफिल्डला नवी हॅचरी सुरू झाली. वर्षाला दहा लाख पिल्लांची क्षमता. पिल्लं धष्टपुष्ट, चपळ. सोडली, आणि खालच्या धरणांवर नंबर वाजेनात. ना पक्ष्यांनी खाल्ली, ना धरणाच्या टर्बाइनमध्ये गेली. तिथवर पोचलीच नव्हती. कारण सापडायला काही हंगाम गेले. दोष पाण्याचा निघाला. स्प्रिंगफिल्डचं पाणी झऱ्याचं, जड; बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणतो ना, तसलं. रेडफिशच्या ओढ्याचं पाणी वितळलेल्या बर्फाचं, क्षार नसल्यातच जमा. एका पाण्यातून थेट दुसऱ्यात टाकल्याचा धक्का पिल्लांना सोसेना. मग आधी त्यांना मध्यम पाण्यात मुरवून सोडायला लागले, तेव्हा नंबर पुन्हा वाजू लागले. इतकी साधी गोष्ट, आणि टॅग नसते तर दोष बहुधा धरणांच्याच माथी गेला असता.

धरणं निर्दोष आहेत असं मात्र नाही. 2014 मध्ये दीड हजारांहून अधिक मासे परतले होते, सगळे खुशीत होते. 2015 चा उन्हाळा आला. बर्फ कमी पडलेलं, ऊन कडक, आणि धरणांमागे साठून राहिलेलं पाणी तापलेलं. कोलंबियात जून-जुलैतच पारा 20 अंश सेल्सियसच्या वर. सॉकाय थंड पाण्याचा जीव. समुद्राकडून येताना पहिलं लागणारं बॉनव्हिल धरण सुमारे 4,000 माशांनी ओलांडलं. पुढच्या प्रत्येक धरणावर नंबर गळत गेले. थोड्यांना लोअर ग्रॅनाइट धरणावर पकडून ट्रकने हलवलं. शेवटपर्यंत स्वतः पोहत आलेले: 56.

(पडद्यावर: ऑगस्ट. ओढ्यातला सापळा, पाण्यात उभी दोन माणसं.)

आज सापळ्यात एक मासा आहे. मादी. शेपटी झिजून पांढरी पडलेली, पोट गाभोळीने तट्ट. एकजण तिला ओल्या झोळीत धरतो, दुसरा पोटाजवळून यंत्र फिरवतो. बीप. पडद्यावर नंबर उमटतो, वहीत उतरतो. पराचा कणभर तुकडा कात्रीने कापून पाकिटात. तिचे आईबाप कोण, ते त्यावरून कळेल. हॅचरीत न्यायची की तळ्यात सोडायची, याची यादी काठावर क्लिपबोर्डला लावलेली आहे. बोट यादीवरून खाली सरकतं, थांबतं.

तळ्यात.

झोळी पाण्याखाली जाते. ती क्षणभर तशीच राहते, तोंड प्रवाहाकडे. मग झोळी रिकामी.