चौघांचे 100 किलोमीटर

(दृश्य: मध्यरात्र. डोंगराच्या दगडी पायऱ्यांवर एकामागून एक चढणारे चार हेडटॉर्च.)

हाँगकाँग म्हटलं की उंच इमारती आठवतात. पण या शहराच्या पाठीशी डोंगर आहेत. पूर्वेच्या साई कुंगपासून पश्चिमेच्या तुएन मुनपर्यंत त्या डोंगरांतून एक पायवाट जाते, मॅकलेहोज ट्रेल. ती 1979 साली खुली झाली. लांबी 100 किलोमीटर, आणि दर अर्ध्या किलोमीटरला आकडा घातलेला खांब. रात्री दमलेली माणसं या खांबांशी बोलायला लागतात.

हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांकडे होतं. 1981 साली ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा सिग्नल्स या संदेशवहन तुकडीचे नेपाळी जवान सराव म्हणून ही वाट चालले आणि त्या निमित्ताने मदतनिधीही गोळा केला. 1986 मध्ये ऑक्सफॅम हाँगकाँग ही मदतसंस्था त्यांच्या जोडीला आली आणि ही चाल साध्या नागरिकांनाही खुली झाली. तिचं नाव ट्रेलवॉकर. चौघांचा संघ, 100 किलोमीटर, 48 तास. एकत्र निघायचं आणि होता होईल तो एकत्रच पोचायचं. म्हणजे जो सगळ्यांत हळू चालतो, त्याची चाल ती सगळ्यांची चाल. दिंडीत चाललेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पुढे हा उपक्रम भारतातही आला, बेंगळुरूत आणि मुंबईजवळ.

(दृश्य: रविवारची सकाळ. घाटातली वाट, पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली.)

तयारी चार-पाच महिने आधी सुरू होते, आणि खरं सांगायचं तर जे घडायचं ते याच महिन्यांत घडतं. पहिल्या रविवारी दहा-बारा किलोमीटर चाललं तरी पोटऱ्या भरून येतात. दोन महिन्यांनी तेवढं अंतर नाश्त्याच्या आधी उरकतं. शनिवारी लांब चालायचं आणि रविवारी त्याच दुखऱ्या पायांनी पुन्हा निघायचं. शरीर शिकतं ते या रविवारी. दम लागतो चढावर, पण पाय मोडतात उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं सगळं वजन झेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. याचा सराव उतरूनच होतो. सपाट रस्त्यावर कितीही धावा, ही कसर भरून निघत नाही.

(दृश्य: टाचेचा क्लोजअप.)

टाचेच्या कडेला गुलाबी डाग आलाय. फोड अजून नाही, नुसतं चुरचुरतंय. नवखा म्हणतो, पुढच्या थांब्यावर बघू. जाणता माणूस तिथेच दगडावर बसतो. बूट काढतो, घामाने ओला झालेला मोजा बदलतो, टाच कोरडी पुसतो आणि सुरकुती पडू न देता चिकटपट्टी लावतो. पाच मिनिटं जातात. उरलेले तिघं उभे राहतात, कुणी घाई करत नाही. ओली कातडी घासत राहिली की फोड येणारच, आणि एकाचा फोड चौघांची रात्र खातो.

याच महिन्यांत दुसरंही काम चालू असतं, पैसे मागण्याचं. आमच्या मते हे जास्त अवघड. ऑफिसातल्या साहेबांपुढे, सोसायटीतल्या काकूंपुढे हात पसरायचा. जीभ अडखळते. पण "मी 100 किलोमीटर चालणार आहे" म्हटलं की समोरचा विचारतोच, "कशासाठी?" मग उत्तर ठाऊक असावं लागतं.

उत्तराची सुरुवात पाण्यापासून करता येते. आपत्तीत माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी मिळावं, असा मदतकार्यातला मान्य निकष आहे. पिणं, रांधणं, अंघोळ, सगळं त्यात. आपली अंघोळीची एक बादली. ऑक्सफॅमची ओळख याच कामाची. पन्हाळी पत्रे बोल्टने जोडून उभारलेल्या तिच्या मोठ्या टाकीत 95,000 लिटर पाणी मावतं, म्हणजे सहा हजारांहून जास्त माणसांचा एका दिवसाचा वाटा. आणि घराघरात जाते ती 14 लिटरची झाकणाची बादली. पाणी ओतायचं तोंड झाकणालाच असतं, त्यामुळे आत हात बुडत नाही. छावणीत रोगराई पसरते ती अशा बुडालेल्या हातांतून. देणगीदाराला ही बादली दाखवली की पुढचं फार बोलावं लागत नाही.

(दृश्य: नेपाळ. कोसळलेल्या दगडी भिंती, ताडपत्रीखाली बसलेली कुटुंबं.)

1997 साली हाँगकाँग चीनकडे गेलं. गुरखा सिग्नल्सनी आपली चाल इंग्लंडच्या साउथ डाउन्स टेकड्यांवर नेली. तिथला निधी ऑक्सफॅमला आणि माजी गुरखा सैनिकांसाठी काम करणाऱ्या गुरखा वेल्फेअर ट्रस्टला जाऊ लागला.

25 एप्रिल 2015, शनिवार, दुपारी बाराच्या आसपास नेपाळ हादरलं. तीव्रता 7.8. सुमारे 9,000 माणसं गेली. भूकंपाचं केंद्र होतं गोरखा जिल्ह्यात. गुरखा हे नाव आलं ते याच गोरख्यावरून. दोन्ही संस्था कामाला लागल्या. ऑक्सफॅमने पाणी, संडास आणि ताडपत्र्या पुरवल्या. ट्रस्टने म्हाताऱ्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची पडलेली घरं पुन्हा बांधून दिली.

(दृश्य: पुन्हा तीच वाट. चार हेडटॉर्च थांबले आहेत.)

खांब क्रमांक 112. छप्पन्न किलोमीटर झाले, चव्वेचाळीस बाकी. चौथा खाली बसलाय. एकाने त्याची सॅक आपल्या छातीशी अडकवली, दुसरा गुडघ्यावर बसून त्याच्या बुटाची नाडी बांधतोय.